वजाबाकी नामंजूर

मेल सर्व्हरवर कोटा सांभाळायचा म्हणजे माणशी दोन आकडे लिहून ठेवायचे: टपाल किती बाइटांचं आहे आणि पत्रं किती आहेत. दोनशे माणसं असली तर चारशे आकडे झाले. ते कुठे आणि कशात लिहायचे, एवढंच मला ठरवायचं होतं. कुठल्याही शहाण्या माणसाने हे दुपारच्या चहाच्या आत ठरवलं असतं. मी एक अख्खा पावसाळा घेतला. शेवटी जे ठरवलं त्यापायी कार्यवाहांची पूर्ण रिकामी टपालपेटी शंभर टक्के भरलेली दाखवण्याचा पराक्रम माझ्या नावावर जमा झाला.

संस्था नारायण पेठेतली आहे. नाव सांगत नाही. सांगायचं तर पूर्ण सांगावं लागतं, आणि संस्थापकांच्या पदव्या धरून त्यातच अर्धा लेख जाईल. वाड्याच्या जिन्याखाली जी खोली पूर्वी सतरंज्या, लाउडस्पीकरचा भोंगा आणि गणपतीचं मखर यांच्यासाठी होती, तिथे सर्व्हर आहे. मखरही तिथेच आहे. दर भाद्रपदात ते बाहेर काढताना आधी सर्व्हर बाहेर काढावा लागतो, त्यामुळे मेल बंद राहण्याची आमची तिथी ठरलेली आहे. मी तिथला मानद संगणक सल्लागार. मानद म्हणजे बिनपगारी हे वाचक जाणतातच. माझ्या बाबतीत सल्लाही कुणी मागत नाही, काही बंद पडलं की फोन येतो.

मर्यादा हवी होती ती मुख्यतः कार्यवाहांमुळे. व्याख्यानमालेची निमंत्रणपत्रिका ते स्वतः स्कॅन करतात, दर पान वेगळं, सगळ्यात उत्तम दर्जाचं, आणि सर्व सभासदांना पाठवतात. त्यावर निम्मे सभासद ‘धन्यवाद’ एवढंच उत्तर देतात, पण सर्वांना देतात आणि पत्रिका खाली तशीच ठेवून देतात. अशा एका व्याख्यानात वक्ता तासभर बोलतो आणि सर्व्हर आठवडाभर दमलेला असतो.

एके काळी ही काटकसर लोकांच्या अंगी होती. साबीर भाटियांनी ४ जुलै १९९६ला हॉटमेल सुरू केलं तेव्हा माणशी दोन मेगाबाइट जागा मिळे. भाटिया लहानपणी काही काळ पुण्याच्या बिशप्स शाळेत होते, तेव्हा या काटकसरीचं श्रेय आम्ही शहराकडे घेतो. न्यू जर्सीहून नातवाचे फोटो आले की कोथरूडचे आजीआजोबा आधीचा रांगणारा नातू पुसून नव्या चालणाऱ्या नातवाला जागा करत. मग १ एप्रिल २००४ला जीमेल आलं आणि एकदम एक गिगाबाइट देऊ लागलं. तारीख पाहून पुष्कळांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटली. थट्टा नव्हती, आणि तेव्हापासून टपाल पुसण्याची सवय गेली ती गेलीच. स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्या संस्थांना मात्र स्वतःचीच डिस्क पुरवून वापरावी लागते.

तर आमच्याकडे जुनी व्यवस्था होती ती मेलडिरची. क्यूमेल लिहिणाऱ्या डॅनियल बर्नस्टाइन यांची ही मूळ कल्पना: प्रत्येक पत्राची एक स्वतंत्र फाइल, म्हणजे कुलूपकिल्लीची भानगड नाही. पुढे कुरियर सर्व्हरवाल्यांनी त्यात कोट्याची सोय केली, आणि ती सोय वाण्याच्या उधारीच्या वहीसारखी आहे. प्रत्येकाच्या पेटीत ‘मेलडिरसाइझ’ नावाची एक साधी मजकुराची फाइल. पहिल्या ओळीत मर्यादा. त्याखाली पत्र आलं की एक ओळ: इतके बाइट, एक पत्र. पुसलं की उणे चिन्ह लावून आणखी एक ओळ. जुनी ओळ कुणी खोडत नाही, खाली लिहीत जायचं. फाइल ५१२० बाइटांच्या वर गेली की सगळं टपाल नव्याने मोजायचं आणि एका बेरजेवर वही पुन्हा सुरू करायची. मोजणंही हलकं, कारण पत्राचं वजन फाइलच्या नावातच स्वल्पविरामानंतर ‘एस=४५४२’ असं लिहिलेलं असतं. पत्र उघडायलाच नको.

इतकी वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. त्यात काही बिघडलं नव्हतं हे मी आज अगदी मोकळ्या मनाने सांगू शकतो.

झालं असं, की वार्षिक सभेच्या आधी हिशेबनीसांनी सभासदनिहाय तक्ता मागितला, कुणाकडे किती टपाल आहे याचा. आकडे प्रत्येकाच्या पेटीत विखुरलेले. माझा भाचा तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. तो म्हणाला, “मामा, चार ओळींची स्क्रिप्ट. सगळ्या फाइली वाचते, बेरीज करते, छापते.”

चार ओळींच्या कामाला चारच ओळी लिहिणं हे मला नेहमीच हलकं वाटत आलं आहे. मॉडेल कॉलनीत सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत ग्नूनिफाय नावाचं मुक्त सॉफ्टवेअरचं संमेलन भरायचं, तिथे मी पहिल्या रांगेत बसून प्रश्न विचारलेले आहेत. माझ्यासारख्याने स्क्रिप्ट लिहायची? मी भाच्याला म्हटलं, “हा स्क्रिप्टचा प्रश्न नाही. साठवणुकीच्या स्वरूपाचाच मुळातून विचार केला पाहिजे.” ‘मुळातून’ म्हटलं की आमच्या घरातली माणसं उठून आत जातात. भाचा लहान असल्याने त्याला बसावं लागलं.

मग मी विचार केला. सर्व्हर तसाही डव्हकॉटवर न्यायचा होता. तिमो सिराइनेन नावाच्या फिनलंडच्या गृहस्थांचं हे सॉफ्टवेअर २००२पासूनचं, आणि त्यात तेव्हा कोटा ठेवायचे इतके मार्ग होते की निवडणाऱ्याची चंगळच. मेलडिरसाइझची तीच जुनी फाइल चालायची. सगळ्यांचे आकडे एका मजकुराच्या फाइलीत ठेवता यायचे. डेटाबेसमध्ये ठेवता यायचे. काहीच न ठेवता दर वेळी मोजताही यायचे. एक फाइल म्हटली की एक आकडा बदलला तरी सगळी पुन्हा लिहायची, म्हणून ती बाद. कार्नेगी मेलनमध्ये जन्मलेल्या सायरस सर्व्हरची पद्धतही मी अभ्यासली, गरज नव्हती तरी. तिथे प्रत्येकाच्या नावाची एक इवलीशी फाइल असायची, पहिल्या ओळीत वापर आणि दुसऱ्या ओळीत मर्यादा. फार साधी वाटली. साधेपणा बघून मी त्या पद्धतीला मनातल्या मनात पन्नास टक्के गुण दिले आणि पुढे गेलो.

या अभ्यासात एक गोष्ट सारखी समोर येत होती आणि मी ती सारखी ओलांडत होतो. सायरसमध्ये कोट्याची आज्ञा आहे, तिला पुढे एक अक्षर जोडलं की ती सगळे आकडे तपासून दुरुस्त करते. डव्हकॉटमध्ये ‘रीकॅल्क’ आहे. कुरियर आपणहूनच मोजत बसतो. आणखी मागे गेलो तर युनिक्सच्या डिस्कचा कोटा, जो मेलबर्न विद्यापीठाच्या रॉबर्ट एल्झ यांच्या कामातून १९८३च्या ४.२ बीएसडीत आला. त्याच्याबरोबरही ‘कोटाचेक’ नावाची आज्ञा होतीच: मशीन धाडकन बंद पडलं की सगळी डिस्क हिंडून आकडे नव्याने मांडणारी. म्हणजे ज्यांनी ज्यांनी हे काम केलं त्यांनी पहिल्या दिवशीच गृहीत धरलं होतं की हा आकडा चुकणार. त्यांनी आकडा जपण्यावर फार जीव टाकला नाही, पुन्हा मोजायची सोय करून ठेवली. टपाल जागेवर असलं की झालं. मला वाटलं, बिचाऱ्यांना चांगला डेटाबेस मिळाला नसावा.

मी मायएसक्यूएलचा तक्ता निवडला. तीन रकाने: नाव, बाइट, पत्रं. रकान्याचा प्रकार ठरवताना मी जी काही बुद्धी पाजळली ती भाच्याने वहीत उतरवून घेतली असती तर बरं झालं असतं, पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडली असती. साधा इंट घेतला तर २,१४७,४८३,६४७ या आकड्याशी तो थांबतो, म्हणजे दोन गिगाबाइटच्या उंबऱ्यावर. हा खड्डा मला ठाऊक होता. मी विजयी मुद्रेने बिगइंट घेतला. मग म्हटलं, “आता सांग, कुणाचं टपाल शून्यापेक्षा कमी असू शकतं का?”

“नाही,” भाचा म्हणाला.

“मग उणे आकड्यांना रकान्यात जागा कशाला? अनसाइन्ड कर.”

भाचा लॅपटॉपमध्ये बघत होता. “मामा, पोस्टफिक्सॲडमिन नावाचं सॉफ्टवेअर आहे ना, त्याच्या तक्त्यात ते लिहिणाऱ्यांनी साधा बिगइंटच ठेवलाय. अनसाइन्ड नाही.”

“त्यांच्या लक्षात आलं नसेल,” मी म्हटलं.

हे वाक्य मी पुढे पुष्कळदा ऐकलं, माझ्याच आवाजाची नक्कल करून, दिवाळीच्या फराळाला सुद्धा.

कामाला गुरुवार निवडला. पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीचा वार, कुठे पाणी बंद तर कुठे वीज बंद. दुपारी वीज गेली की लोक मेलची अपेक्षाच करत नाहीत, तेवढ्यात यूपीएसवर काम उरकायचं असा बेत. वीज गेली ती वेळेवर, यूपीएस गेला तो वेळेआधी. शेवटी मोबाइलच्या उजेडात मखराच्या खांबाला टेकून मी वाट पाहिली आणि वीज आल्यावर तक्ता तयार केला. तक्ता रिकामा होता. रिकामा तक्ता मला बरा दिसेना. सगळ्यांची नावं भरली, समोर प्रत्येकी शून्य, शून्य. दोन सरळ रकाने. छापून भिंतीवर लावावेत असे.

त्याच ओघात आणखी एक सुधारणा केली. हिशेबनीसांना ऑडिटच्या कागदपत्रांसाठी जुन्या व्यवस्थेत मोठी सवलत होती. ती काढून सर्वांना समान दोन गिगाबाइट केले. घटनेला धरून.

आता हे शून्य काय करतं ते सांगतो, कारण तेव्हा मला कुणी सांगितलं नाही. म्हणजे माहितीपत्रकात होतं, पण मी माहितीपत्रक निवड होईपर्यंत वाचतो, निवडीनंतर वाचत नाही. त्या वेळच्या डव्हकॉटला तक्त्यात एखाद्याची ओळच सापडली नाही तर तो स्वतः त्याचं टपाल मोजतो आणि आकडा भरतो. ओळ सापडली तर तिच्यावर विश्वास ठेवतो. मी ओळी भरून ठेवल्या होत्या. तेव्हा त्याने मानलं की संस्थेत कुणाकडेही टपालाचा कागद नाही. आणि ओळीतला आकडा उणे निघाला तर, काहीतरी चुकलं हे ओळखून, तो पुन्हा मोजतो. म्हणजे माझी चूक त्याने पहिल्या आठवड्यात आपोआप निस्तरली असती. पण उणे आकड्याला जागाच कुठे होती! वजाबाकी शून्याखाली जाणार असं दिसलं की मायएसक्यूएल ती आख्खी वजाबाकीच नाकारायचं.

परिणाम इतका रसाळ होता की मीच त्यातला आरोपी नसतो तर त्याची एकांकिका केली असती. बेरीज बिनतक्रार जमा होत होती. लहान वजाबाकीही होत होती. मोठी मात्र नामंजूर.

सुरुवातीचे महिने सगळे खूश. कुणाचंच टपाल भरेना. माझी पाठ थोपटली गेली, वार्षिक वृत्तांतात एक ओळ आली. मग गणपती झाले, नवरात्र झालं, व्याख्यानमालेच्या पत्रिका सुटल्या, आणि अध्यक्षांचं कार्यवाहांना पाठवलेलं पत्र परत आलं: ५५२ ५.२.२, पेटी भरली आहे.

कार्यवाह शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी त्याच रात्री सगळं टपाल काढून टाकलं. शिफ्ट धरून डिलीट दाबलं की कचऱ्याच्या पेटीतही न जाता कायमचं जातं हे त्यांना नातवाने शिकवलं होतं. सगळं निवडलं, शिफ्ट धरलं, दाबलं. सकाळी अध्यक्षांनी पुन्हा पाठवलं. पुन्हा ५५२.

“अहो, पेटीत एक पत्र नाही,” ते फोनवर म्हणाले, “आणि खाली पट्टी लालभडक. शंभर टक्के.”

मी म्हटलं, “आकडे अपडेट व्हायला थोडा वेळ लागतो.” हे वाक्य संगणकवाले लोक वेळ काढण्यासाठी वापरतात, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

पाठोपाठ आणखी तक्रारी आल्या, सगळ्या कामसू माणसांच्या. जो साफसफाई करी त्याचं टपाल अडे. कधीच काही न पुसणाऱ्या हिशेबनीसांची पट्टी चार टक्क्यांवर हिरवीगार. कार्यालयातल्या टंकलेखिका बाईंना मात्र काहीच त्रास नव्हता. त्यांची सवय अशी की पत्र वाचायचं, उत्तर द्यायचं, ते एकच पत्र पुसायचं. एकेका पत्राची वजाबाकी छोटी, म्हणून ती मंजूर होई. कार्यवाहांनी निरीक्षण केलं आणि निष्कर्ष काढला: बाई शिस्तीने काढतात म्हणून यंत्र ऐकतं. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर सूचना लागली, “सभासदांनी पत्रे एकेक करून काढावीत. घाईने एकगठ्ठा काढू नयेत. मोठे टपाल पाठवण्यापूर्वी समोरच्यास फोन करून जागा आहे का विचारावे.”

गंमत म्हणजे तोडगा चालला. लोक एकेक पत्र पुसू लागले आणि आकडे खाली येऊ लागले. मीही गंभीरपणे मान डोलावून, “हो, ट्रॅन्झॅक्शन लहान ठेवलेलं चांगलं,” असं म्हणून घेतलं. फक्त कार्यवाहांचं अडलं. “मी काय करू?” ते म्हणाले. “माझ्याकडे एकेक काढायला आता काही उरलेलंच नाही.” मी त्यांना सुचवलं की बाहेरून काही पत्रं मागवून ती एकेक काढून बघा. बाहेरून पत्र यायचं तर पेटीत जागा हवी, हे त्यांनीच माझ्या लक्षात आणून दिलं.

भाचा परीक्षा संपवून आला. नोटीस वाचून तो जिन्यातच हसत बसला. मग म्हणाला, “मामा, लहान डिलीट चालतं आणि मोठं नाही, म्हणजे कुठेतरी शून्य आडवं येतंय. लॉग पाहिलात?”

“लॉग कशाला? डिझाइन माझं आहे.”

त्याने लॉग उघडला. चूक क्रमांक १६९०. ‘बिगइंट अनसाइन्ड व्हॅल्यू इज आउट ऑफ रेंज.’ आणि त्याच ओळीत, नाकारलेल्या वजाबाकीसकट, कार्यवाहांचं नाव. त्याखाली तीच ओळ दुसऱ्या नावाने. पान खाली सरकत राहिलं, दसरा आला, गणपती आले, श्रावण आला, ओळ तीच. सर्व्हर इतके महिने रोज मला स्पष्ट शब्दांत सांगत होता, आणि मी शेजारच्या मखरावरची धूळ झटकून परत जात होतो.

भाच्याने रकान्यातलं ‘अनसाइन्ड’ काढलं आणि एका ओळीची आज्ञा दिली: सगळ्यांचं रीकॅल्क. बाईंनी चहा टाकला होता, तो कपात ओतायच्या आत झालं. टपाल सगळं जागेवर होतं, पुन्हा मोजलं, विषय संपला. ज्या चारशे आकड्यांसाठी मी पावसाळाभर तुलनात्मक तक्ते आखले, ते आकडे मुळात फेकून देण्याजोगे होते, आणि १९८३पासून लोक ते निवांतपणे फेकून पुन्हा मोजत आले होते. पुढे भाच्याने तो तक्ताच काढून टाकला. नव्या डव्हकॉटमध्ये टपालाच्या सूचीतूनच थेट बेरीज काढता येते, वेगळे आकडे ठेवायलाच लागत नाहीत.

कार्यवाहांची पट्टी शून्यावर आली. त्यांनी खुर्चीतून उठून माझ्याशी हस्तांदोलन केलं. भाच्याशी नाही, माझ्याशी. मी ते स्वीकारलं.

तेवढ्यात आतून हिशेबनीसांचा आवाज आला. त्यांची खरी बेरीज अकरा गिगाबाइट निघाली होती. मर्यादा दोन. पट्टी पाचशे पन्नास टक्के आणि टपाल बंद. संस्थेतला काटकसरीचा आदर्श म्हणून ज्यांचं नाव मागच्याच बैठकीत घेतलं होतं, त्यांनी पूर्वीच्या कार्यवाहांची पहिली निमंत्रणपत्रिकासुद्धा जपून ठेवली होती, ‘धन्यवाद’च्या सर्व उत्तरांसकट. एकेक करून काढा, असं त्यांना सुचवण्यात आलं. एकही काढणार नाही, सगळ्याला ऑडिट लागतं, असं ते म्हणाले.

प्रकरण वार्षिक सभेत गेलं. एका ज्येष्ठ सभासदांनी मला विचारलं, “सगळ्यांचं मिळून टपाल आहे तरी किती?”

“दीडशे गिगाबाइटच्या आसपास.”

“आणि डिस्क?”

“दोन टेराबाइटची.”

“मग मर्यादा कशाला?”

मी मुळातून सांगायला सुरुवात केली. ४.२ बीएसडीपर्यंत पोचलो होतो तेव्हा अध्यक्षांनी वेळेअभावी विषय उपसमितीकडे सोपवला. उपसमितीचा निमंत्रक मी आहे. हिशेबनीस सदस्य आहेत. पहिल्या बैठकीची विषयपत्रिका कार्यवाहांनी स्कॅन करून पाठवली आहे, दर पान वेगळं.